सुरू तू केलास, बंद मी केला

फिलू, तुझ्या पेटीवर माती टाकून लोक अजून हात झटकत होते, तेवढ्यात तुमच्या आळीतल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते, पण त्यांनी मला बरोबर ओळखलं. "तुम्ही ब्लॉगवाल्या मॅडम ना? किती छान चालू केला होता तुम्ही. हिच्या तोंडापायी बंद पडला हो. पण जाऊ द्या आता, गेली बिचारी." असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला. मी तुला माफ करावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी काय केलं सांगू? मान हलवली. तुझ्यापासून चार पावलांवर उभी राहून मी मान हलवली.

आज नववा दिवस. रडू येतं तेव्हा ती हललेली मान आधी आठवते आणि रडूसुद्धा खोटं वाटायला लागतं. म्हणून एकदा सरळ लिहून टाकते. सुरू तू केलास, बंद मी केला. तुमच्या अख्ख्या भुईगावला हे उलटं माहीत आहे, आणि ते उलटं मीच करून ठेवलंय.

गोखिवऱ्याच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात तू माझ्या कितीतरी आधीपासून होतीस. फोन आणि आवक-जावक तुझ्याकडे. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन वसईच्या फ्लॅटमध्ये आलेली. समुद्राकडच्या गावांशी माझा संबंध रविवारी किनाऱ्यावर जाऊन भेळ खाण्यापुरता. पहिल्याच दिवशी तू माझ्या डब्यात डोकावलीस आणि म्हणालीस, "एवढी कोरडी भाजी कशी गिळतेस गं? पानी लागत नाही?" आणि मी शाकाहारी आहे हे सांगेपर्यंत तुझं बोंबलाचं कालवण माझ्या भातावर पडलंही होतं. त्यावरून आपलं पहिलं भांडण. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी वेगळ्या डब्यात वालाचं बिरडं घेऊन आलीस आणि वर म्हणालीस, "घे बामनी, तुझं सोवळं." मी ब्राह्मण नाही हे सांगितलं तरी शेवटपर्यंत तू ऐकलं नाहीस.

तुझी धाकटी बहीण कॅनडाला गेली आणि तुमच्या आईला चैन पडेना. बहिणीलाही पडेना. ती फोनवर आईला म्हणायची, आई, रहाटाची गोष्ट सांग, सुकेळी कशी करायची ते सांग, आणि आई सुरू झाली की फोनचं कार्ड संपायचं. आईला लिहिता येत नव्हतं. तू आईकडून ऐकून यायचीस आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायचीस. "तुझी बोटं चालतात ना मशीनवर? मग लिही." तू डोळे मिटून सांगायचीस, मी टाइप करायचे, आणि साहेब जेवून यायच्या आत ईमेल पाठवायची. पहिली ईमेल गेली, तिकडून बहिणीचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी तू हसत सांगितलंस. "धाकटी बाय म्हनते, लाद्या पाठवल्यास काय गं? सगळे चौकोनच आलेत!" तिच्या कंप्युटरवर मराठी अक्षरं उमटतच नव्हती. पंधरा दिवस मी सायबर कॅफेवाल्याचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते चौकोन जाऊन तुझ्या आईचे शब्द दिसायला लागले. त्या दिवशी तू सगळ्या ऑफिसला राजेळी केळी वाटलीस.

मग एक दिवस तू म्हणालीस, "हे एकट्या तिलाच कशाला? आमच्या नाक्यावर फळा आहे बघ. कोन वारलं, मिस्सा किती वाजता, कोनाची म्हैस सुटली, सगळं त्यावर. येनारा-जानारा वाचतो. तुझ्या त्या इंटरनेटवर असा फळा नसतो?"

"असतो," मी म्हटलं. "त्याला ब्लॉग म्हणतात." मी पेपरात वाचलं होतं नुसतं. ते आपलं काम नाही, फार हुशार लोकांचं काम आहे, अशी माझी समजूत होती.

"मग काढ की!"

बस, इतकंच. एवढ्यावर सुरू झालं. नावही तूच दिलंस, नाक्यावरचा फळा. मी 'सागरगंध' वगैरे सुचवत होते. तू म्हणालीस, सागराला वास येतो तो सुकटीचा, तेच नाव ठेवायचंय का?

आपली एक पद्धत होती. मी लिहिलेलं तुला वाचून दाखवल्याशिवाय फळ्यावर चढवायचं नाही. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि कुठे खटकलं की नुसतं बोट वर करायचीस. सगळ्यात जास्त वेळा बोट वर व्हायचं ते घरांच्या नावांवर. तुमच्या गावात आडनावं मोजून चार-पाच, म्हणून प्रत्येक घराला आपलं एक नाव. कोणाच्या दारात चिंच, ते चिंचवाले. कोणाचा पूर्वी रहाट चालायचा, ते रहाटवाले. तू मला बजावून सांगितलं होतंस, "चांगल्या गोष्टीत घराचं नाव घाल, खुश होतील. वाईट गोष्टीत घालू नकोस, आनि बदलून घालनार असशील तर मला विचार. तुला वाटेल तू मनाचं नाव ठेवलंस, आनि ते आमच्याकडे कोनाचं तरी असनार." तुझं ते वाक्य आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आणि लोक वाचायला लागले गं. आपल्याला वाटलं होतं तुझी बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणी. पण बहारीनहून कोणी लिहिलं, दुबईहून कोणी लिहिलं, तुमच्या आजूबाजूच्या गावांतले, वटारचे, राजोडीचे, कुठे कुठे जाऊन बसलेले लोक. सुकेळ्यांवरचा लेख आठवतो? केळी सोलून उन्हात कशी मांडायची, रोज कशी उलटायची, संध्याकाळी कशी झाकून ठेवायची. त्याखाली ऑस्ट्रेलियातल्या एकानं लिहिलं होतं की, आमचे बाबा आजारी आहेत, कोणाशी बोलत नाहीत. त्यांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, तिसऱ्या दिवशी उलटायची असतात, हिनं दुसऱ्या दिवशी उलटली. मी तुला ते वाचून दाखवलं तेव्हा तू आधी भडकलीस, "दुसऱ्याच दिवशी उलटतात, म्हाताऱ्याला काय कळतंय!" आणि मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसलेस. माझ्या आयुष्यात तेवढं समाधान मला दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही, नोकरीनं नाही आणि फ्लॅटनंही नाही. ते तुझ्यामुळे मिळालं. तुझ्या हयातीत मी तुझे आभार मानले नाहीत. मैत्रिणीचे कसले आभार, असं म्हणून टाळलं.

आपला एक वाद मात्र मिटलाच नाही. तुझं म्हणणं, लेखाखाली आईचं नाव घाल. माझं म्हणणं, ब्लॉगवर टोपणनाव असतं, तशीच रीत आहे. टोपणनाव अर्थातच माझं. तू दर दोन-तीन महिन्यांनी तो विषय काढायचीस, मी दर वेळी म्हणायचे, बघू. बघितलं काहीच नाही.

मग पेपराच्या पुरवणीत मराठी ब्लॉगवर लेख येणार म्हणून एका पत्रकाराचा फोन आला. फोन तूच घेतलास आणि मला जोडून दिलास. त्यानं विचारलं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? फिलू, तू समोर बसली होतीस. मी म्हटलं, "या भागात राहायला आल्यावर मला जाणवलं, की हा ठेवा नष्ट होतोय. एका दुपारी मनात आलं, आपणच काहीतरी करायला हवं." मला जाणवलं! माझ्या मनात आलं! मी तर भेळ खात होते. लेख छापून आला, 'लोकप्रिय ब्लॉग आणि त्यांचे जनक'. त्यात मी होते, माझ्या टोपणनावानिशी. 'स्थानिक महिलांच्या मदतीने' असे तीन शब्द तुझ्या आणि तुझ्या आईच्या वाट्याला आले. तू तो लेख दोनदा वाचलास आणि विचारलंस, "जनक म्हणजे बाप ना गं? मग आई कोन?" मी हसले. तूही हसलीस. तू हसलीस म्हणून मी तो विषय तिथेच संपवला.

त्यानंतर मी बिघडले. खरंच सांगते, बिघडले. दर शुक्रवारी नवा लेख यायचाच, कारण लोक वाट बघतात. कोणाची किती पत्रं आली ते मी दिवसातून पाच वेळा बघायचे. तू म्हणायचीस, "अगं, आई काय नळ आहे काय, सोडला की यायला?" मला ते लागायचं.

त्या शुक्रवारी तू रजेवर होतीस. आईला धाप लागली होती, तू दवाखान्यात. माझ्याकडे तू आदल्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट तयार होती. रहाटवाल्यांची. थोरल्या भावानं धाकटा भाऊ वारल्यावर त्याच्या बायकोला दोन पोरांसकट घराबाहेर काढलं आणि वाडी गिळली, ती. तू सांगताना म्हणाली होतीस, ही नुसती तुला सांगितली, फळ्यावर घालायची की नाही ते आईला विचारून सांगते. मी सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं. थांबले नाही. लोक वाट बघतात ना! फक्त एक शहाणपणा केला, घराचं नाव बदललं. तुमच्या चर्चबाहेर चाफा पाहिला होता. म्हटलं, 'चाफेवाले'. कानाला छान वाटतं.

चाफेवाले तुमच्या पलीकडच्या आळीत राहतात. त्यांच्या घरात खरंच एक विधवा काकी आहे, ऐंशीच्या पुढची, घरातल्या सगळ्यांनी तळहातावर ठेवलेली. बहारीनमधल्या कोणीतरी लेख वाचून गावात फोन केला. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात छापील कागद हातोहात फिरला. कोणीतरी तो त्या काकीलाही वाचून दाखवला. ती म्हणे दिवसभर एकच विचारत राहिली, मला कोनी कधी बाहेर काढलं, मी कोनाला असं सांगितलं?

गोष्टी तुझ्या घरातून जातात हे सगळ्यांना माहीत होतं. लोक तुझ्या दारात आले. तू माझं नाव सांगू शकत होतीस. ती बाहेरची आहे, तिनं मनानं नाव घातलं, मला दाखवलंच नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तू म्हणालीस, माझ्या सांगन्यात चूक झाली. एकटी चाफेवाल्यांच्या घरी गेलीस, त्या काकीचे पाय धरलेस. हे मला तू सांगितलं नाहीस. तुझ्या भावानं, आंतोनदादानं, फोनवर सांगितलं, आणि तेही मला वाईट वाटेल म्हणून हळू आवाजात.

सोमवारी तू आलीस. डोळे सुजलेले. मला वाटलं आता उभी चिरतेस. तू एवढंच म्हणालीस, "तो एक लेख काढ. आनि खाली लिही की चूक झाली, त्या घराचा काही संबंध नाही. बाकीचं राहू दे. बाकीचं आईचं आहे."

मी हो म्हटलं. पण मला भीती वाटत होती. चाफेवाल्यांचा एक पुतण्या वकील आहे असं कोणीतरी बोललं होतं. माझ्या नवऱ्यानं घरी विचारलं, पोलीस आले तर तू काय सांगणार आहेस? माफी लिहायची म्हणजे चूक कोणाची हेही लिहावं लागलं असतं, आणि ते त्या पेपरातल्या टोपणनावाखाली. शनिवारी अर्धा दिवस. तू लवकर गेलीस. मी कंप्युटरसमोर बसले आणि एक लेख काढायचा तर सगळा ब्लॉगच काढून टाकला. नक्की का, असं विचारलं त्यानं. परत मिळणार नाही, असंही सांगितलं. मी हो म्हटलं. आई, सुकेळी, रहाट, लग्नातली गाणी, बहिणीला पाठवलेल्या त्या पहिल्या ईमेलमधल्या गोष्टी, शंभरावर लेख, आणि त्याखाली लोकांनी लिहिलेलं सगळं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या जुन्या ईमेलची खाती, माझं आणि बहिणीचं, केव्हाच बंद पडली होती, आणि आपण कागदावर कधी काही लिहिलंच नव्हतं. तू बोलायचीस आणि मी थेट तिथेच उतरवायचे.

सोमवारी तू विचारलंस, काढला का लेख? मी म्हटलं, "अगं, त्या इंटरनेटवाल्या कंपनीनं अख्खा ब्लॉगच बंद केला. तुमच्या गावातून तक्रार गेली म्हणे."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. तू खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "म्हंजे माझ्यामुळे."

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्यानंतर दीड वर्षं आपण एकाच टेबलावर डबा खाल्ला, फिलू. तू भाजीचे भाव सांगायचीस, सीरियलमधल्या सुनेला शिव्या घालायचीस, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचीस. गोष्ट मात्र एकही सांगितली नाहीस. एकदा मी हिंमत करून म्हटलं, फिलू, त्या ब्लॉगचं तुला एक सांगायचंय. तू लगेच हात वर केलास. "राहू दे गं तो विषय. मलाच लाज वाटते." आणि मी, नालायक बाई, सुटले म्हणून आतल्या आत श्वास सोडला.

काल तुमच्या घरी गेले होते. आंतोनदादानं चहा केला. तुझ्या आधी तुमची आई गेली, तिचा विषय निघाला. तो म्हणाला, जायच्या आधी तीन-चार महिने आई फार बोलायला लागली होती. लहानपणचं, तिच्या आईच्या आईचं, आम्ही कधी न ऐकलेलं. दुपार झाली की हाक मारायची, फिलू, ये, सांगते, लिही. "आनि फिलू जायची नाही हो शुभाताई. म्हनायची, नको आय, माझ्या हातून परत कोनाचं वाईट होईल. शेवटी आई भिंतीकडे तोंड करून बोलत बसायची. आम्ही कामाची मानसं, आम्ही काय ऐकनार." मग तो म्हणाला, "तुमच्याकडे एखादं पान तरी असेल ना त्यातलं? पोरांना दाखवलं असतं, आजीचं."

दादा, कंपनीनं सगळंच पुसलं. असं म्हटलं मी, फिलू. तुझ्या घरात, तुझ्या भावानं केलेला चहा पीत, तू मेल्यावरसुद्धा.

घरी येऊन रात्रभर आठवून लिहायचा प्रयत्न केला. तुझ्या आईच्या शंभर गोष्टींतल्या चार येतात, त्याही अर्ध्या. पुढचं विचारायला तू नाहीस. हा कागद मी उद्या आंतोनदादाच्या हातात देणार आहे, आणि त्यानं तो वाचला की चाफेवाल्यांकडे जाणार आहे, त्या काकी आहेत तोवर. तुमच्या घराचं दार मग मला बंद होईल. व्हायलाच हवं. पण त्यानं तुझं काय भलं होणार आहे? मी सांगेन ते सगळे ऐकतील, तू सोडून. तुझं काहीही चुकलं नव्हतं, एवढंच वाक्य होतं. ते तुझ्यासमोर बसून म्हणायला मला पुरतं दीड वर्ष मिळालं होतं.